रजिस्टर एकदम ठणठणीत!

कारखान्यांच्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा, तर आपला कामगार आजारीच पडत नाही. बोट तुटतं, हात भाजतो, पण आजार? छे! १९४८च्या फॅक्टरी कायद्याने २९ आजारांची यादीच दिली आणि असा रुग्ण दिसला की सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक केलं. न कळवल्यास दंड? त्या कायद्यात फार तर १००० रुपये होता. मालकाशी वाकडं घेण्यापेक्षा सौदा स्वस्तच होता. नव्या कामगार संहितेतही सक्ती आहेच. सवयही तीच आहे.

कोल्हापूर घ्या की बेळगाव, फौंड्रीत साच्याची वाळू झटकताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि तिथेच मुक्काम ठोकते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस दिसायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. कंत्राट असतं अकरा महिन्यांचं. तोवर ठेकेदार चार बदलतात, शेड बदलते, आणि दम लागायला लागला की माणूस गाव गाठतो. मग तो कुणाचा कामगार? कुणाचाच नाही.

गावाकडच्या दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसतात. डाग म्हणजे टीबी, ठरलेलंच, गोळ्या फुकट. 'विडी ओढता का?' हे हमखास विचारतात. 'काम काय करता?' हेही रुग्णाला विचारत जा, असं इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली लिहून ठेवलं. आपण त्याचा मान राखलाय. केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकाना असतो आणि त्यात 'मजुरी' एवढं लिहून मोकळे होतात.

कामगाराने स्वतः सांगावं, म्हणता? सांगितलं तर हलकं काम मिळत नाही, 'उद्यापासून येऊ नको' मिळतं. खाडा पडला की रोज बुडतो, बचत गटाचा हप्ता थकतो. म्हणून तो मुकादमाला सांगतो, "काही नाही, हवा बदललीय."

राजस्थानने २०१९ साली धोरण आणलं. सिलिकोसिसचा दाखला मिळाला की रुग्णाला तीन लाख, तो गेल्यावर कुटुंबाला आणखी दोन. लगेच अर्जदारांची रीघ लागली! म्हणजे कामगार अडाणी नाही, लाजराही नाही. त्याचं गणित पक्कं आहे. आपण मात्र आजार सांगणं महाग आणि लपवणं फुकट ठेवलंय, आणि वर 'कामगारांत जागृती नाही' म्हणून शिबिरं भरवतोय.