वीस मिनिटांत आशिया

हल्ली मोबाइलवर एक बाई रोज संध्याकाळी हसतमुखाने सांगतात, की दिवसभर राबून घरी आलात तरी काळजी नको. आशियाई धाटणीचे चिकन लेट्यूस रॅप अवघ्या वीस मिनिटांत होतात. त्यांच्या ओट्यावर चिकनचा खिमा काचेच्या वाडग्यात आधीच वाट बघत असतो. आलं-लसूण चिरून बशीत. लेट्यूसची पानं धुऊन, पुसून, एकावर एक रचलेली. सोया सॉस, होयसिन सॉस, तांदळाचं व्हिनेगर, तिळाचं तेल मापाच्या चमच्यांत भरून तयार. एवढं झाल्यावर बाई घड्याळ लावतात. लग्न लागायला वीस मिनिटं लागतात म्हणावं, तसंच हे. लागतातच, मंगलाष्टकं तेवढीच असतात. हॉल, पत्रिका आणि रुसलेला मामा हिशेबात धरायचा नाही एवढंच.

कल्याणजवळच्या मोहन्यात घड्याळ कुठून लावायचं ते आता बघू.

एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना, चालू होता तोवर प्रश्न नव्हता. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. माणूस चालत घरी यायचा आणि ताट कधी वाढायचं हे पाळीवरून ठरायचं. 2009 मध्ये कारखाना बंद पडला आणि मोहन्याच्या जेवणाची वेळ मध्य रेल्वेकडे गेली. सीएसएमटीहून आंबिवली साठेक किलोमीटर. कल्याणपर्यंत गाड्याच गाड्या, पण इथल्या माणसाला कसारा, आसनगाव नाहीतर टिटवाळा लिहिलेलीच हवी. ती चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर उभं राहायचं. मग आंबिवलीला उतरून शेअर रिक्षा, आणि चौथं सीट भरेपर्यंत रिक्षावाल्याचं तत्त्वज्ञान. हा वेळ 'पूर्वतयारी'त धरायचा की 'शिजवण्याचा वेळ' म्हणून, यावर पाककृतीत खुलासा नाही.

खरी पूर्वतयारी होते ती महिलांच्या डब्यात. बसायला जागा मिळालीच, तर घाटकोपरपर्यंत मेथी निवडून होते, ठाण्यापर्यंत मटार, पुढे गवारीच्या शिरा, आणि कल्याण आलं की लसूण सोललेली पिशवी पर्समध्ये. शेजारणीची गवारही थोडी निवडून दिली जाते, कारण तिच्या मांडीवर मूल झोपलेलं असतं. स्टेशनाबाहेर निवडलेल्या भाजीच्या पिशव्या विकायला बसलेल्या बायकांनी तर दुसऱ्यांच्या वीस मिनिटांवर स्वतःचा संसार चालवला आहे. या सगळ्या श्रमाला पाककृतीच्या भाषेत एकच शब्द असतो: 'चिरलेला'. चिरलेला कांदा एक वाटी. कुणी चिरला, कधी चिरला, चिरताना डोळ्यांत पाणी कांद्याने आलं की साहेबाने, हे विचारायचं नसतं.

बरं, 'कामाचा दिवस' हीही गोष्ट आपल्याकडे सरळ नाही. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा, मार्गशीर्षात महालक्ष्मीचाही. म्हणजे पाच रात्रींपैकी चिकनला उरल्या दोन, बुधवार आणि शुक्रवार, त्याही संकष्टी-एकादशी आडवी आली नाही तर. श्रावणात त्याही गेल्या. घरात कुणी सोळा शुक्रवार धरले असतील तर त्या वारी आंबट चालत नाही, आणि इथे तर व्हिनेगर आहे. चिकनचा विषय पुढचाच. गंमत म्हणजे 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला 1975 साली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी चिकन मंच्युरियन पहिल्यांदा केलं, असं सांगतात. एकाच वर्षी देशाचं शुक्रवारचं आंबट सुटलं आणि सोया सॉस लागला. आणीबाणीही त्याच वर्षीची, पण तिचा या सदराशी संबंध नाही.

15 ऑगस्ट 2025 हा असाच एक शुक्रवार. कल्याण-डोंबिवली महापालिकेने त्या दिवशी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि आधार म्हणून 1988 चा ठराव पुढे केला. राज्यभर गदारोळ झाला. स्वातंत्र्यदिनी कोंबडी खायचं स्वातंत्र्य आहे की नाही, यावर वाहिन्यांवर घसे बसले. तेव्हा श्रावण चालू होता. कितीतरी घरांत तसंही काही शिजणार नव्हतं. पण आपण होऊन न खाणं वेगळं आणि आदेशाने न खाणं वेगळं. आपल्याकडे माणूस देवाचं ऐकतो, सासूचं ऐकतो, परवाना विभागाचं ऐकत नाही.

तर बुधवार धरू. चिकनच्या दुकानापुढे रांग असते, कारण अख्ख्या गावाचा हाच वार. आपला नंबर आला की चिकनचा खिमा मागायचा. लाकडाच्या ठोकळ्यावरचा सुरा हवेत थांबतो. "खिमा मटणाचा नेतात, ताई. बॉयलर आहे, बोनलेस देतो, घरी मिक्सरला लावा." ज्या घरात सासूबाई आहेत त्या घरात मिक्सरचं भांडं ही राजकीय बाब असते. बुधवारी त्यात कोंबडी फिरली आणि गुरुवारी उपवासाची चटणी वाटायची असेल, तर मध्ये एक रात्र आणि दोन वेळा गरम पाणी पाहिजे. कढई, ओटा, सुरी, सगळं गुरुवार उजाडायच्या आत निघालं पाहिजे. मोबाइलवरच्या बाईंना गुरुवार नाही. त्यांच्याकडे डिशवॉशर आहे.

आता पान. भाजीवाल्या मावशींकडे पालक असतो, शेपू असतो, लाल माठ, आंबट चुका, दिवस बरे असतील तर अंबाडी. लेट्यूस म्हटल्यावर त्या काळजीने विचारतात, "कुणाला काय झालंय?" दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप 'आम्ही लवकरच तुमच्या भागात येत आहोत' असं मोहन्याला आश्वासन देतं; निवडणुकीच्या उमेदवारांमुळे या वाक्याची इथे सवय आहे. शेवटी कल्याणच्या मोठ्या दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गड्डा घ्यायचा आणि संध्याकाळच्या गर्दीत तो आडव्या हाताने सांभाळत आणायचा. मेथीला लोकल झेपते. लेट्यूसला झेपत नाही. आंबिवलीला उतरते ती कोशिंबीर.

कुणी सुचवतं, कोबीचं पान घ्या. कोबीचं पान अखंड सोलून दाखवणाऱ्याला रेल्वेने पास फुकट द्यावा. कुणी सुचवतं, अळूचं घ्या, आपलंच आहे. कच्च्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात. त्या घशात रुतल्या की चर्चा संपते. आपल्या लोकांनी अळूवडी उकडून, तळून खाल्ली ती उगाच नाही. हळदीच्या पानात पातोळी, केळीच्या पानात पानगी, वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्डीच्या पाल्यात कोंबडी घालून रायगडात पोपटी. पान आपल्याकडे कमी नव्हतंच. मात्र पातोळी खाऊन झाली की पान बाजूला टाकतात. पंगतीत पत्रावळही खाणारा आजवर एकच प्राणी माहीत होता, आणि तो दाराबाहेर बांधलेला असायचा.

पान कच्चं खायचं म्हणजे धुणं आलं. रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालेभाजीच्या बातम्या वाचलेली बाई पालक मिठाच्या पाण्यात बुडवते, तीनदा धुते आणि तरी शिजवूनच खाते. लेट्यूसला ती सोय नाही. उल्हास नदी मोहन्याच्या दारातून वाहते, शेजारच्या मोहिलीच्या केंद्रातून शहराला पाणी जातं. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते. परिसरात फुकट हिरवी पानं तेवढीच, पण त्यांत चिकन गुंडाळायचा सल्ला अजून कुणी दिलेला नाही. 2025 मध्ये एनआरसीच्या जागेवर सिमेंट दळण्याच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला, जनसुनावणीत लोकांनी विरोध केला. धुळीमुळे पानं तीनदा धुवावी लागतील की पाचदा, हे विचारायचं तिथे राहून गेलं. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायला मात्र बहुधा मंगळवार निवडतात, हे उपकारच. मंगळवारी चिकन नसतं.

राहता राहिला 'आशियाई' हा भाग. चिनी लोक, विशेषतः ग्वांगडोंगकडचे, परतलेला खिमा लेट्यूसच्या पानात गुंडाळून पूर्वीपासून खातात. 1993 मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला पी. एफ. चँग्ज नावाचं रेस्टॉरंट निघालं आणि त्यांच्या मेनूमुळे हे रॅप अमेरिकेत घराघरांत पोचले. तिथून ते मोबाइलवर आले, मोबाइलवरून मोहन्यात. मोहने आशियात आहे, सातबारा काढून बघा. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, म्हणजे दोन हजार वर्षं आपण आशियात राहून आशियाशी धंदा करतो आहोत. एखाद्या जर्मन बाईने पावाला लोणी लावून त्याला 'युरोपपासून प्रेरित' म्हटल्याचं ऐकिवात नाही. आम्हाला मात्र आपल्याच खंडाची प्रेरणा ॲरिझोनामार्गे घ्यावी लागते. दरम्यान घरातली तिळाच्या तेलाची बाटली नरकचतुर्दशीच्या अभ्यंगासाठी ठेवलेली, ती कढईत ओतली म्हणून वेगळी बोलणी.

एवढं करून रॅप ताटात येतात. सासरे एक पान खातात, दुसरं खातात, खिम्यातलं चुकून सांडलेलं बोटाने उचलतात आणि प्रसन्नपणे म्हणतात, "छान झालंय. जेवायला कधी बसायचं?" मग कुकर लागतो. तीन शिट्ट्या. चिरंजीव तोवर कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरून हाफ ट्रिपल शेजवान घेऊन आलेले असतात. तो गाडीवाला ऑर्डर घेतल्यापासून पाच मिनिटांत पिशवीला गाठ मारतो आणि त्याने कधी कुणाला प्रेरणेचा उपद्रव दिला नाही.

तेव्हा मोहनेकरांच्या माहितीसाठी सुधारित कृती देत आहोत. लागणारा वेळ: एक अख्खा बुधवार, अधिक गुरुवारची पहाट. साहित्य: मूळ कृतीप्रमाणे, शिवाय खिडकीजवळची जागा, मिक्सरचं दुसरं भांडं, रिक्षातलं चौथं माणूस आणि दोन वाट्या तांदूळ. टीप: पुरुषमंडळींनी लसूण सोलल्यास वेळेत बचत होते. ही टीप करून पाहिलेली नाही.