अकरा पोट्टे आणि तीन किलो तांदूळ

मुलांना कामाला लावायचं असेल तर बक्षीस ठेवा, हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याला एकच मूल असणार, आणि तेही मुलखाचं गरीब. आमच्या घरी अकरा होते. रिसोड तालुक्यातलं गाव, तीन भाऊ, एक चूल आणि सगळ्यांच्या वर आजी. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ला वाशीम वेगळा निघाला. जिल्ह्याची वाटणी झाली, आमची मात्र झाली नाही.

आमच्या घरात बक्षिसाची पद्धत आणली ती भारत सरकारने. १५ ऑगस्ट १९९५ला शाळेतल्या पोषण आहाराची योजना सुरू झाली. खिचडी फार पुढे आली. आधी नुसता तांदूळ मिळायचा, महिन्याला तीन किलो. अट एकच, हजेरी ८० टक्के हवी. आमचे पाच जण त्या वेळी पहिली ते पाचवीत होते. म्हणजे पंधरा किलो! ज्या घरात रोज ज्वारीची भाकर आणि भात फक्त पाहुणा आला तर, तिथे पंधरा किलो तांदूळ म्हणजे आमचं शिक्षण पहिल्यांदाच फायद्यात आलं.

त्याआधी आम्ही शाळेत गेलो काय नि नाही काय, आजीला फरक पडत नसे. आता ती हजेरीपटाची मालकीण झाली. कोणी पोट धरून बसला की म्हणायची, "पोट दुखते तं शायेत जाऊन दुखव. घरी बसला तं तीन किलो तुया बाप देईन काय?" बाप शेजारीच सुपारी कातरत असायचा, पण या व्यवहारात त्याला कोणी विचारत नव्हतं.

मग आजीच्या ध्यानात आलं की सरकार ८० टक्के मागतंय, १०० नाही. कधी शाळेत न गेलेल्या या बाईने बोटांवर हिशोब मांडला. महिन्यात शाळेचे दिवस पंचवीस, म्हणजे लागतात वीस. उरले पाच. पाच नातवंडांचे मिळून पंचवीस! तिने पाळ्या लावल्या. सोमवारी एक ढोरांमागे, मंगळवारी दुसरा निंदायला, बुधवारी तिसरी तान्ह्याला सांभाळायला. तांदूळ पूर्ण, आणि रोज एक मजूर फुकट. सरकारने ८० टक्के मागितले होते, आजीने रुपयात चार आणे इकडेतिकडे न होऊ देता ८० टक्केच दिले.

तांड्यावरच्या गरीब घरांतल्या मुलींना १९९२पासून हजेरीचा रोज १ रुपयाही मिळायचा, उपस्थिती भत्ता. आमची चुलतबहीण हटून बसली, "मले काहून नाई?" आजी म्हणाली, "तुया नावानं तांदूळ येते ना बाई." बहिणीचं म्हणणं असं की तांदूळ सगळे खातात, रुपया एकटीचा असतो. बक्षीस या विषयावर मी पुढे बरंच वाचलं, पण याहून नेमकं कोणी लिहिलेलं सापडलं नाही.

सरकारचं पाहून आजीनेही योजना काढली. हापशीवरून पाण्याचा गुंड आणला की चाराणे. मोठ्या बाबांचा थोरला, आमचा दादा, याने त्याच संध्याकाळी सगळं कंत्राट उचललं. आम्ही लहान पाणी आणायचो, तो दारात उभा राहून गुंड मोजायचा, पैसे आजीकडून घ्यायचा आणि आम्हाला लिमलेटची एकेक गोळी द्यायचा. असा मुकादम साखर कारखान्याला मिळाला असता तर टोळी वेळेवर पोचली असती. बरं, पैसे गुंडाला होते, पाण्याला नव्हते. त्यामुळे गुंड अर्धेच यायचे, खेपा दुप्पट व्हायच्या आणि रांजण कोरडा तो कोरडाच. आजीने नियम बदलला, रांजण भरला तर रुपया. मग रांजण भरला, ढोरांच्या टाक्यातल्या पाण्याने.

सोयाबीनच्या निंदणाला मोठ्या बाबांनी तणाच्या पेंढीवर दर लावला. तासातलं तण बारीक, बसून बसून काढावं लागतं. धुऱ्यावरचं गवत कमरेएवढं, चार मुठींत पेंढी. संध्याकाळी पेंढ्यांचा ढीग पाहून मोठे बाबा खूश. सकाळी वावरात गेले तर तण जसंच्या तसं आणि धुरा मात्र नवरदेवाच्या हजामतीसारखा चकाचक. आमच्यासारखेच हुशार लोक फ्रेंचांच्या हनोईत होते. १९०२मध्ये तिथल्या सरकारने उंदीर मारणाऱ्याला शेपटीमागे पैसे देऊ केले, तर लोक शेपट्या कापून उंदीर सोडून देऊ लागले. उंदीर जगला तर पिल्लं होणार, म्हणजे पुढच्या शेपट्या.

आता त्याच घरात फ्रिज आहे, आणि मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भावजयीने त्यावर स्टारचा तक्ता लावला. ताट धुतलं, एक स्टार. न सांगता आंघोळ केली, एक स्टार. दहा झाले की अर्धा तास मोबाईल. सगळी चुलत-मावस पिलावळ दोन दिवस इतकी सुतासारखी सरळ वागली की मोठ्या आईने दृष्ट काढली. पुढे एक पोरगा न जेवता ताट धुताना सापडला. भावंडांत स्टारची उधारी सुरू झाली. आणि मग आमच्या दादाच्या लेकाने, रक्तातच आहे ते, रिसोडच्या स्टेशनरीच्या दुकानातून तसल्याच स्टारचं पाकीट आणलं. फटाक्यांच्या पैशांतून! तक्त्यावर एका रात्रीत एवढे स्टार उगवले की मोबाईल फेब्रुवारीपर्यंत बुक झाला.

भावजयीला मी १९७३चा अमेरिकेतला प्रयोग सांगितला. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे ती आपणहून चित्रं काढण्यात निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही. ती म्हणाली, "भाऊजी, इथे चित्रं कोण काढतंय? ताटं धुवायची आहेत." तिचंही खोटं नव्हतं.

पण अचानक दिलेल्याचं आम्हाला जुनं ठाऊक आहे. पोळ्याला बैल घेऊन घरोघर गेलो की बोजारा मिळायचा. कोणी दोन रुपये, कोणी पाच, कोणी नुसताच गूळ. दर ठरलेला नाही, मोजदाद नाही, म्हणून दादालाही त्यात कंत्राट काढता आलं नाही. बैल धुण्यासाठी मात्र आम्ही पहाटेच उठून नदीवर भांडत असू, कोणी चाराणे न देता.

तेव्हा वाचकहो, घरात एक-दोन मुलं असतील तर खुशाल तक्ता लावा. अकरा असतील तर आधी गावातल्या स्टेशनरीवाल्याशी बोलून घ्या.