जॉर्जरावांचा चातुर्मास

आमच्या घराची तापमानं तीन. दिवाणखान्यात 19 अंश. हा आकडा बायकोने 2022 सालचं गॅसचं बिल बघून ठरवला आणि त्यावर अपील नाही. गॅरेजमधल्या छोट्या फ्रीजमध्ये 5 अंश. आणि मागच्या अंगणातल्या काचघरात, एका शहाबादीसारख्या काळ्या फरशीवर, 33 अंश. हे 33 माझ्यासाठी नाहीत. पुण्यात वाढलेला, सतरा वर्षं लीड्समध्ये काढूनही जूनमध्ये स्वेटर न उतरवणारा मी 19 अंशांत बसतो. 33 अंशांत जॉर्जराव बसतात.

जॉर्जराव म्हणजे कासव. हर्मन जातीचं, पिवळ्या पाठीवर काळे डाग, वजन 1,600 ग्रॅम, चेहरा निवृत्त हेडमास्तरांचा.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. त्यांनी जॉर्जराव विकत घेतले 1976च्या उन्हाळ्यात. आपल्याकडे 72चा दुष्काळ काढतात, तसा इंग्लंडमध्ये 76चा उन्हाळा अजून काढतात. दक्षिणेकडे कुठे ना कुठे ओळीने 15 दिवस पारा 32च्या वर होता. शेवटी सरकारने दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमला आणि काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. एखाद्या खात्याने इतकं झटपट काम केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. तर अशा त्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हियातून खोक्यात भरून आलेले जॉर्जराव लीड्सच्या एका दुकानात उतरले, बाहेर बघितलं, आणि हा देश असाच आहे अशी त्यांची समजूत झाली. तेव्हापासून ते पुढच्या उन्हाळ्याची वाट बघताहेत.

बाई वृद्धाश्रमात निघाल्या. तिथे प्राणी चालत नाहीत. त्यांनी मला चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलावलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. "तुमच्याकडे कासवाला देव मानतात ना?" त्यांनी विचारलं. आता परदेशात राहणाऱ्या माणसाला कुणी संस्कृतीबद्दल विचारलं, की त्याला थांबता येत नाही. मी म्हटलं, मानतात म्हणजे काय, विष्णूचा दुसरा अवतार! देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं! समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडायला लागला तेव्हा... पर्वत कासवाच्या पाठीवर नीट बसेपर्यंत जॉर्जराव माझ्या मांडीवर बसलेले होते.

रात्री आईला पुण्याला फोन लावला. आईचा पहिला प्रश्न वयाचा.

"पन्नाशी गाठली असेल," मी म्हटलं.

"म्हणजे तुझ्यापेक्षा मोठे. मग 'अरे जॉर्ज, अरे जॉर्ज' काय लावलंयस? जॉर्जराव म्हण."

नंतर तिने शोकेसमधलं पितळी कासव कॅमेऱ्यासमोर धरलं. पाण्याच्या ताटलीत, उत्तरेकडे तोंड करून, गेली दहा वर्षं ते आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या फ्लॅटमध्ये लक्ष्मी आणतंय. "याला ना खायला लागत, ना प्यायला," ती म्हणाली. "आणि खरं पाळलं तर इथे वनखात्याची माणसं दारात येतात. तुमच्याकडे कुणी विचारत नाही?"

विचारतात. 1984 साली युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून या जातींची आयात बंद केली. तोवर ही कासवं लाखांनी आली होती, आणि बहुतेक पहिल्या एक-दोन हिवाळ्यांतच गेली, कारण दुकानदार कासवासोबत देश कसा आहे ते सांगत नसे. आता विकायचं तर सरकारी दाखला लागतो. भेट म्हणून दिलं-घेतलं तर चालतं. थोडक्यात, जॉर्जराव कायदे कडक होण्याआधी आलेले. व्हिसाच्या फायली सांभाळत आलेल्या माझ्यासारख्याने त्यांच्याकडे आदरानेच बघायला हवं.

बाईंनी दिलेल्या सूचना तीन ओळींच्या होत्या: उन्हाळ्यात अंगणात सोडा, ब्रेड-दूध आणि स्ट्रॉबेरी द्या, थंडीत पेंढा भरलेल्या खोक्यात घालून शेडमध्ये ठेवा. कासवांच्या डॉक्टरीणबाईंनी ही चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "आणि तरीही हे जिवंत आहेत?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. तो पुरला नाही.

मुद्दा असा, की कासवाला आतली शेगडी नसते. तुमच्या-माझ्या पोटात भाकरी आपोआप पचते. जॉर्जरावांचं जेवण बाहेरच्या उन्हावर पचतं. अंगात ऊब नसली तर खाल्लेलं तसंच पडून राहतं. आणि लीड्समध्ये जुलैतसुद्धा दुपारचा पारा विशीच्या आसपास घुटमळतो. कोरडी थंडी एक वेळ परवडते, ओल मात्र छातीत बसते. म्हणून मग काचघर आलं. काचघरात दिवा आला, कारण इथे सूर्य हा पाहुणा आहे, घरचा माणूस नाही. दिव्याखाली फरशी आली, म्हणजे खालूनही शेक मिळावा. पण काचेतून ऊब आली तरी हवे ते अतिनील किरण येत नाहीत, आणि ते नसले तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. म्हणून त्या किरणांचा दुसरा दिवा आला. हा दुसरा दिवा वर्षभराने बदलावा लागतो, कारण उजेड तसाच राहतो पण किरण संपतात. चालू दिवा काढून नवा लावायचा, ही गोष्ट मी आईपासून आजवर लपवून ठेवलेली आहे.

मार्चमधली सकाळ. बाहेर 8 अंश, रिमझिम. काचघरात बारक्या स्टुलावर मी, हातात आल्याचा चहा, दिव्याचा गोल प्रकाश फरशीवर. जॉर्जराव मातीतून निघतात, एकेक पाय टाकत फरशीपर्यंत येतात, चारही पाय आणि मान सैल सोडतात आणि धोब्याने वाळत घातल्यासारखे पसरतात. मी स्टूल दोन बोटं पुढे सरकवतो. ते डोळा उघडून बघतात. मी आणखी एक बोट सरकवतो. साधारण अर्ध्या तासाने आम्ही दोघंही माणसात येतो. बायको खिडकीतून हे बघते आणि मीटरचा विचार करते.

कासवाची गती वगैरे म्हणतात, ती थंड कासवाची. 33 अंशांवर तापलेलं कासव ही वेगळी वस्तू आहे. एका रविवारी ऊन पडलं म्हणून त्यांना हिरवळीवर सोडलं आणि मी चहात साखर घालायला आत गेलो. परत येईतो अंगण रिकामं. दोन तासांनी ते कुंपणाच्या तळाशी, अर्धे मातीत, अर्धे शेजारच्या हद्दीत सापडले. तेव्हापासून कुंपणाखाली वीतभर खोल विटा पुरलेल्या आहेत. सशाने शर्यत हरण्यात काही नवल नाही. त्या दिवशी ऊन असणार.

खाण्याचा प्रश्न आला तेव्हा आमची अब्रू गेली. जॉर्जरावांना फळं वर्ज्य, ब्रेड-दूध तर विषासमान. त्यांना हवं तण. डँडेलायन, केळीच्या पानासारख्या शिरा असलेलं प्लँटेन, तिपतिया. इंग्रज माणूस आयुष्यभर हिरवळीतून डँडेलायन उपटतो. आम्ही ते वाफ्यात लावतो आणि पाणी घालतो. पावसात कापडी पिशवी घेऊन बागेच्या कडेने तण खुडताना मला बघून एका सद्गृहस्थाने माझ्या हातात हळूच पाच पाउंडांची नोट ठेवली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घेतलीस ना?" तिला या आहाराचं काहीच वाटलं नाही. श्रावणात टाकळा, कुर्डू, घोळ शोधत हिंडलेली बाई ती. कॅल्शियमसाठी माकुलाचं हाड लागतं म्हटल्यावर तर ती खूश झाली: "अरे, म्हणजे समुद्रफेस! मग तसं सांग ना."

खरी अडचण जास्वंदीची. खिडकीत मोठ्या कौतुकाने वाढवलेलं एकच झाड, महिन्याला चार-पाच फुलं. ती आजवर गणपतीची. जॉर्जरावांना ती दिसल्यापासून त्यांचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना; जास्वंद हे कासवांचं आवडतं खाणं आहे, आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदावर त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे. प्रकरण पुण्याला गेलं. आईने दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला: "एक आड एक. तेही देवच आहेत."

दसरा झाला, थंडी आली, आणि झोपेची तयारी सुरू झाली. झोपेआधी तीन-चार आठवडे उपास. पोटात अन्न राहिलं तर थंडीत ते कुजतं, म्हणून पोट पूर्ण रिकामं हवं. मात्र अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं आंघोळ. हे सगळं नेमकं दिवाळीत आलं. घरात चकलीची भाजणी, अनारशांचा वास, आणि जॉर्जराव निर्जळी नाही पण निरंकार. नरकचतुर्दशीला पहाटे लेकीने त्यांना हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवलं, पणती लावली आणि ओवाळलं. उटणं तेवढं लावू दिलं नाही.

झोपेआधीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, लांबी मोजली, उलटं धरलं, शेपटी बघितली आणि म्हणाल्या, "हिची तब्येत छान आहे."

हिची?

नराची शेपटी लांब आणि जाड, पोटाचं कवच किंचित खोलगट. यांची शेपटी आखूड, पोट सपाट. अठ्ठेचाळीस वर्षांत कुणी उलटं करून बघितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई हसल्या. इंग्लंडात ही परंपराच आहे म्हणे. निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइटने 1780 साली आत्याबाईंच्या मागे राहिलेलं कासव घोडागाडीतून ऐंशी मैल घरी आणलं, आयुष्यभर त्याचं उठणं-झोपणं लिहून ठेवलं; नाव टिमथी. ती मादी होती. क्रिमियाच्या युद्धात जहाजावर असलेलं आणि पुढे डेव्हनमधल्या पाउडरहॅमच्या वाड्यात 2004पर्यंत जगलेलं दुसरं कासव, त्याचंही नाव टिमथी. 1926 साली त्याचं लग्न जमवायला घेतलं, तेव्हा कळलं की नवरदेव नाही, नवरी आहे.

इंग्रजांचं बरं आहे. त्यांना एक अक्षर वाढवलं की झालं. आमची मात्र सगळी क्रियापदं बदलायची वेळ आली. आजवर जॉर्जराव उठले, जेवले, फरशीवर बसले. आता जॉर्जराव उठल्या? जेवल्या? लेक म्हणाली, "बाबा, एकदा ठरवा, माझं मराठी आधीच कच्चं आहे." आईने फोनवर क्षणभर विचार केला. "जॉर्जाक्का," ती म्हणाली, आणि विषय संपला.

तर कार्तिकी एकादशीच्या सुमाराला जॉर्जाक्का फ्रीजमध्ये गेल्या. पंढरपुरात विठोबा चार महिन्यांची झोप संपवून उठतो, आणि त्याच वेळी लीड्समध्ये त्याचाच दुसरा अवतार झोपायला जातो. देवांनी पाळ्या लावून घेतल्या असाव्यात. फ्रीजला आई पहिल्यांदा दचकली. "कोथिंबिरीशेजारी?" नाही, वेगळा, जुना, बर्फाचा कप्पा नसलेला. पण फ्रीज का? कारण शेडवर भरवसा नाही. पारा शून्याखाली गेला तर कासवाचे डोळे जातात, 10च्या वर गेला तर झोप अर्धवट मोडते आणि साठवलेली चरबी जळते. फ्रीज बिचारा 5 म्हटलं की 5. आत मातीने भरलेला, भोकं पाडलेला डबा. पारा हलू नये म्हणून भोवती पाण्याच्या बाटल्या. बाहेर थर्मामीटर आणि भोंगा. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन. महिन्याला एक टक्का, म्हणजे 16 ग्रॅम, घट चालते. त्याच काळात माझं वजन तीन किलोंनी वाढलं, त्याची नोंद कुणी घेतली नाही.

नाताळात पाहुणे आले. त्यातले एक न विचारता बिअर काढायला गॅरेजमध्ये गेले. बाटल्या दिसल्या, पण सगळ्या पाण्याच्या. मधला डबा उघडला. आम्हाला ओरडणं ऐकू आलं नाही, ते नुसते परत येऊन बसले आणि थोड्या वेळाने अतिशय हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही लोक आता मांसाहार करायला लागलात का?"

आपल्याकडे म्हणतात, कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. खरी कासवी अंडी मातीत पुरते, वरून माती सारखी करते आणि निघून जाते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. बघायचं काम माझ्याकडे आलंय. डब्यातली हवा बदलायला हवी म्हणून रोज एकदा फ्रीजचं दार उघडायचं, पुठ्ठ्याने चार वेळा वारा घालायचा आणि मिनिटभर आत बघायचं. मातीतून पिवळ्या पाठीचा एक तुकडा दिसतो. तो हलत नाही. हलू नये हीच अपेक्षा.

लहानपणी मला फ्रीज उघडून नुसतं आत बघत उभं राहायची खोड होती. काही हवं नसायचं. त्यापायी मी खाल्लेले धपाटे मोजले तर फ्रीजची किंमत निघेल. परवा रात्री तसाच दार उघडून उभा होतो. आई फोनवर होती, फोन बाटल्यांना टेकवून ठेवलेला.

"जेवलास का?"

"हो."

"स्वेटर घातलायस का?"

"हो."

"बघून झालं ना? मग लाव ते दार. जागी होईल बिचारी."

मी फोन उचलला आणि दार लावलं. आईने तिच्याकडून फोन बंद केला नाही. काही बोलली नाही, पण बराच वेळ तशीच बघत होती.