विकून झाल्यावर लावलेलं कुलूप: एनव्हिडियाला निर्मलहून खुलं पत्र

एनव्हिडिया कंपनी,
सांता क्लारा, कॅलिफोर्निया

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्काराने करायची आमच्याकडे रीत आहे. आज ती मोडतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये तुम्ही लॅपटॉपवाल्यांना जी वागणूक दिलीत, तिच्यात प्रेम नव्हतं आणि साधा नमस्कारही नव्हता. पत्र मराठीत लिहितोय तेही मुद्दाम. पुण्यात तुमचं मोठं केंद्र आहे, तेव्हा मजकूर समजला नाही ही सबब चालणार नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तुम्ही जीटीएक्स ९७०एम आणि ९८०एम ही लॅपटॉपची ग्राफिक्स कार्डं बाजारात आणलीत. ती बसवलेले लॅपटॉप लाखाच्या पुढचे. लोकांनी ते घेतले, आफ्टरबर्नरसारखं सॉफ्टवेअर टाकलं आणि कार्डाचा वेग थोडा चढवून पाहिला, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग केलं. चाललं. मग ३४७ मालिकेतला ड्रायव्हर आला. लोकांनी नेहमीसारखा अपडेट केला, मशीन पुन्हा सुरू केलं, कोअर क्लॉकची पट्टी उजवीकडे ओढली, अप्लाय दाबलं, आणि वेग जागचा हलेना. कुणी विंडोज पुन्हा टाकलं, कुणी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. कुलूप तुमचं होतं. ते लावताना एका शब्दाने सांगण्याची तसदी तुम्ही घेतली नव्हती.

लोकांनी जाब विचारला तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. म्हणालात की नोटबुक ओव्हरक्लॉकिंगसाठी बनवलेलेच नाहीत, आमच्या ड्रायव्हरमध्ये एक दोष शिरला होता म्हणून ते शक्य होत होतं, तो दोष आता दुरुस्त केला आहे, आणि हे सगळं तुमच्या लॅपटॉपच्या काळजीपोटीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. लॅपटॉपवर ओव्हरक्लॉकिंग करणारे लोक त्याआधी कित्येक वर्षं होते. लॅपटॉप बनवणाऱ्या काही कंपन्या तर तीच सोय दाखवून माल विकत होत्या. तुमचा हा दोष इतकी वर्षं सगळ्यांना दिसत होता, फक्त तुम्हाला दिसला नाही?

आता त्या काळजीचं बघू. या कार्डांच्या बायॉसमध्ये वेगवाढीला मर्यादा आधीच घातलेली असे. बहुतेकांना मूळ वेगाच्या वर १३५ मेगाहर्ट्झपर्यंतच जाता येई. ९८०एमचा मूळ वेग १,०३८ मेगाहर्ट्झ, म्हणजे वाढ फार तर १३ टक्के. व्होल्टेजला हात लावायची सोय सर्वसाधारण माणसाला नव्हतीच. चिप ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःच वेग उतरवते. वेग झेपला नाही तर बहुतेक वेळा स्क्रीन काळी होते, ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहतो, आणि माणूस पट्टी थोडी मागे घेतो. उष्णतेने मशीनचं आयुष्य घटतं हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण तो हिशेब कुठे बसून करायचा?

तो इथे बसून करायचा. तेलंगणातलं निर्मल तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, ऑक्टोबर २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. मे महिन्यात इथे पारा ४४ अंशांच्या आसपास असतो. त्याच दिवसांत लग्नसराई. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं रात्र रात्र रेंडर लावून बसतात, कारण दिवसा खोलीत मशीन टिकत नाही. लॅपटॉप मागून उचलून खाली दोन डब्या ठेवायच्या, टेबलफॅन सरळ बुडाखाली मारायचा, पंख्याच्या जाळीतली धूळ ब्रशने काढायची, दर वर्षी थर्मल पेस्ट बदलायची. अशा हवेत वेग वाढवू नका हे त्यांना कॅलिफोर्नियातून सांगावं लागत नाही. उलट ती पोरं वेग उतरवतात. मात्र डिसेंबरात याच पट्ट्यात रात्रीचा पारा एक आकडी होतो. तेव्हा तेच मशीन, तोच पंखा, आणि शंभर मेगाहर्ट्झ जास्त आरामात पेलतात. मे आणि डिसेंबर यांतला फरक खोलीत बसलेल्या माणसाला कळतो. साऱ्या जगाला एकच ड्रायव्हर धाडणाऱ्याला तो कळणार नाही, म्हणूनच पट्टी मालकाच्या हातात हवी.

आणि लॅपटॉपच्या उष्णतेवर प्रवचन कुणी द्यावं? जुलै २००८ मध्ये तुम्हीच जाहीर केलंत की तुमच्या जुन्या नोटबुक चिपा अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढलेत. चिप आणि तिची बैठक यांचं साहित्यच कमकुवत निघालं होतं. तापणं आणि निवणं या रोजच्या फेऱ्यात जोड तुटत होते. त्याही वेळी कारणांच्या यादीत ग्राहकांच्या वापराच्या सवयी घालायला तुम्ही विसरला नाहीत! त्या लोकांनी ओव्हरक्लॉकिंग केलं नव्हतं. त्यांनी फक्त लॅपटॉप वापरला होता.

परत २०१५ कडे येऊ. कुलपावरून लोक चिडले, आणि फेब्रुवारी संपायच्या आत तुम्ही शब्द फिरवलात. पुढच्या महिन्याच्या ड्रायव्हरमध्ये सोय परत देतो म्हणालात. मग लॅपटॉपची ती काळजी कुठे गेली? लॅपटॉप तेच होते, पंखे तेच होते. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये तर तुम्ही डेस्कटॉपचं जीटीएक्स ९८० लॅपटॉपमध्ये बसवलंत आणि ओव्हरक्लॉकिंग हे त्याचं वैशिष्ट्य म्हणून मिरवलंत. सात महिन्यांपूर्वीचा धोका जाहिरातीचा मथळा झाला. या मानभावीपणाची चीड येते. काळजी खरी असती तर ती सप्टेंबरातही टिकली असती.

विकल्यावर सोय काढून घ्यायची ही सवय तुमच्यापुरती राहिली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांतली प्लंडरव्होल्ट ही त्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या बायॉस अपडेटांनी अनेक लॅपटॉपांवरची व्होल्टेज कमी करण्याची सोय बंद केली. त्रुटी खरी होती, गंभीर होती. पण आमच्यासारख्या गरम मुलखात व्होल्टेज उतरवणं हाच मशीन थंड ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय होता, आणि ज्याला त्या त्रुटीचा काडीचा धोका नव्हता त्याच्याही हातून तो गेला. त्याला कुणी विचारलंही नाही.

तुम्ही बंधन घालूच नये असं माझं म्हणणं नाही. २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० वर क्रिप्टो मायनिंगचा वेग तुम्ही निम्म्यावर आणलात. ते कार्ड दुकानात यायच्या आधी तसं जाहीर केलंत. ज्याला नको होतं त्याने घेतलं नाही. पैसे मोजण्याआधी सांगितलं की तो व्यवहार होतो. पैसे घेतल्यावर, न सांगता, ड्रायव्हरच्या आडून केलं की ती लबाडी होते.

तेव्हा तीन गोष्टी लिहून द्या. विकलेल्या कार्डाची कुठलीही क्षमता अपडेटमधून कमी होणार असेल, तर ते इन्स्टॉल करायच्या आधी स्क्रीनवर ठळक अक्षरात दिसलं पाहिजे. धोका असेल तर तापमानाची आणि वेगाची मर्यादा आकड्यांत सांगा, पट्टी काढून घेऊ नका. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या द्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर राहणाऱ्याला भोकं पडलेलं मशीन वापरावं लागणार नाही.

वाचकांना एवढंच सांगणं: चालू असलेल्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर ठेवल्याशिवाय नवा ड्रायव्हर टाकू नका, आणि लग्नाच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

निर्मलचा एक ग्राहक