घोडा घेऊन गावी राहायला जाताना

शहराला कंटाळलात, उत्तम झाले. हिंजवडीच्या चौकात रोज गाडीत बसून कुढणाऱ्या माणसाला मोकळ्या माळावरची रपेट सुचणारच. आता मागे हटू नका. पुढील सूचना घोड्यातले काहीही न कळणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांना कळते त्यांच्या दारात घोडा आहे आणि त्यांना वाचायला सवड नाही.

१. आधी शेतकरी व्हा. घोड्याला जमीन लागते आणि शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचे कलम ६३ तुमच्या निसर्गप्रेमाची दखल घेत नाही. घाबरू नका. ज्या चुलत्याला वर्षानुवर्षे फोन केला नाही त्याला दिवाळीच्या निमित्ताने फोन करा, गुडघेदुखीची चौकशी करा आणि आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव लागले होते का, हे सहज विचारा. काका ओळखतीलच, पण विचारा. नाव नाही निघाले तर एनए प्लॉट घ्या. ११ गुंठे, म्हणजे जेमतेम पाव एकर. एका घोड्याला चरायला निदान एक-दोन एकर हवेत असे जाणकार म्हणतात. परंतु ब्रोशरमधला घोडा तेवढ्याच जागेत उभा आहे आणि त्याची काही तक्रार दिसत नाही.

२. जागा जुलैतच पाहा, शक्यतो शनिवारी. मुळशी, ताम्हिणी, पवनेचा परिसर. धबधबे, धुके, गुडघाभर गवत. टोकन तिथेच द्या, कारण हेच गवत दिवाळीनंतर पिवळे पडते आणि शिमग्याला तिथे पेटवायलाही काही उरत नाही. ताम्हिणीत अनेक वर्षी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. चार महिने चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर आतून सडू लागतात आणि त्याचा वास व्हरांड्यापर्यंत येतो. शिवाय घोडमाश्या येतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा नावाचा ताप. पण व्ह्यू आहे.

जुन्या लोकांना व्ह्यूची जाण नव्हती. मराठ्यांच्या फौजेतली नावाजलेली तट्टे पैदा झाली ती भीमथडीला, दौंड-बारामतीकडच्या मुलखात, जिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कडक जमीन, कोरडी हवा, टणक खूर. अलीकडे भीमथडी ही देशी अश्वजात म्हणून अधिकृतपणे नोंदली गेली. ती आजवर टिकवली कुणी? मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांनी, ज्यांच्याकडे फार्महाऊस सोडाच, बऱ्याचदा फार्मही नाही. त्यांच्या तट्टाच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि चालून दमलेली कोकरे असतात. म्हणजे घोड्याला सोसेल असा प्रदेश ठाऊक आहे, माणसेही ठाऊक आहेत. पण इंदापूरच्या माळावरून धबधबा दिसत नाही. तुम्ही ताम्हिणीच घ्या.

३. घोडा खरेदी करा. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला जा. तापीकाठी मोठा घोडेबाजार भरतो. पांढरे कपडे घाला, म्हणजे विक्रेत्याला किंमत ठरवणे सोपे जाते. तो दात दाखवेल. तुम्ही मान हलवा. मग तो छातीवरचा भोवरा दाखवून ‘देवमण आहे’ म्हणेल. मग चारही पाय नि तोंड पांढरे म्हणून ‘पंचकल्याणी’. मारवाडी जातीच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, ती पाहून तुम्ही स्वतःच विरघळाल. खूर उचलून बघू नका, चालवून बघू नका, सोबत डॉक्टर नेऊ नका. त्याने व्यवहाराची मजा जाते.

काटकसर करायची असेल तर शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा घ्या. तो कवडीमोलात, कधी फुकटही मिळतो. त्याला आयुष्यात एकच गोष्ट शिकवलेली असते: फाटक उघडले की जीव खाऊन पळायचे. तुमच्या प्लॉटला फाटक आहेच.

४. मोतद्दार ठेवा. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ७-८ किलो वैरण, ३०-४० लिटर पाणी, वर चंदी. तो १५ किलोंहून अधिक लीद परत करतो, रविवारीसुद्धा. पहाटे खरारा, मग फिरवणे, मग तबेला काढणे. तुमची मीटिंग साडेनऊला असते, तेव्हा हे सगळे मोतद्दार करेल. घोडा त्यालाच ओळखेल, त्याच्याच हाकेला कान टवकारेल आणि त्यालाच पाठीवर बसू देईल. पूर्वी स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. तुमच्या तबेल्यात शिलेदार तुम्ही, बसणारा बारगीर. फोटोपुरते तुम्हाला चढवतील.

५. नालबंदाशी गोड बोला. दर सहा आठवड्यांनी खूर कापून नाल बदलावी लागते. नालबंद रेसकोर्सकडे किंवा महाबळेश्वर-माथेरानसारख्या घोड्यांच्या ठिकाणी सापडतो. तुमच्या धबधब्याजवळ नाही. मुलीचे लग्न त्याच्या तारखा बघून काढा.

६. आजारपण. घोड्याला उलटी होत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. त्यामुळे पाहुण्यांनी प्रेमाने चारलेल्या पोळ्या बाधल्या तर पोटशूळ उठतो आणि तो जीव घेऊ शकतो. तो रात्री तीनला उठेल असे गृहीत धरा. तालुक्याचे डॉक्टर कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीकडे गेलेले असतील आणि म्हैस दूध देते, तेव्हा प्राधान्याबद्दल हुज्जत घालू नका.

७. एकटा ठेवू नका. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा राहिला की डोलत उभा राहतो, लाकूड चावतो, रात्रभर खिंकाळतो. सोबतीला शेळी बांधा. शर्यतीच्या तबेल्यांतही ही युक्ती चालते. शेळी नाही मानवली तर दुसरा घोडा. मग पुन्हा सूचना ३ पासून सुरुवात.

८. गावात मिसळा. हे आपोआप होईल. पहिल्याच लगीनसराईत सरपंच येतील, “साहेब, पुतण्याचा परण्या काढायचाय. मारुतीपर्यंतच जायचंय, घोडं तेवढं द्या.” नाही म्हटलेत तर टँकरच्या यादीतून नाव गळेल. हो म्हटलेत तर रेसकोर्सचा निवृत्त घोडा, पाठीवर नवरदेव, कानाशी डीजे आणि पायाखाली फटाक्यांची माळ. मारुतीच्या पाराच्या पुढे दोन वाड्या ओलांडून नवरदेव सापडेल. मानपानाचा खर्च तुमचा.

९. हिशेब. प्लॉटचे कर्ज २० वर्षांत फिटते. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. आज तुम्ही पन्नाशीत असाल तर टोकन देण्याआधी घरातल्या धाकट्याला एकदा विचारा, लीद कोण काढणार.