कारणे दाखवा नोटीस : मा. साबुदाणाराव यांस

प्रति,
मा. श्री. साबुदाणाराव (जात ससा, वर्ण पांढरा),
मुक्काम सोफ्याखाली, डोंबिवली पूर्व.

विषय : पुरवलेल्या खेळण्यांशी न खेळल्याबद्दल आणि खेळणी नसलेल्या वस्तूंशी खेळल्याबद्दल.

संदर्भ : १) मोबाइल चार्जरच्या वायरी, नग ३. २) हॉलच्या पडद्याची खालची किनार. ३) भूगोलाच्या वहीतला आफ्रिका खंड, सहारा वगळून.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपण या घरात आलात तेव्हा आपणच खेळणं होतात. बाहुल्यांचा कंटाळा आलेल्या मुलीच्या वाढदिवसाला आपली निवड झाली. किल्ली द्यावी लागत नाही, सेल लागत नाहीत, एवढीच आमची प्राणिशास्त्राची तयारी. पंधरा दिवसांत उलगडा झाला की खेळण्यालाच कंटाळा आला आहे. मग खेळण्यासाठी खेळणी विकत घेण्याची नामुष्की आमच्यावर आली. मराठीत आपल्या कुळाच्या नावाने ससेहोलपट हा शब्द आहे; या घरात ती माझी झाली.

खरेदीचा तपशील असा : घुंगराचा चेंडू १, प्लास्टिकचं फिरतं चाक १, गळपट्टा दोरीसह १. ‘‘साहेब, दिवसभर बिझी राहील,’’ असं दुकानदार म्हणाला. चेंडू आपण एकदा हुंगलात आणि त्याच्याकडे पाठ केलीत. घुंगरू वाजलं ते माझ्या पायाखाली, मध्यरात्री. चाकात बसवायला आपल्याला उचललं, तर आपण मागच्या पायांनी अशी लाथ हाणलीत की माझा शर्ट कामातून गेला. लाथेचा खुलासा पुढे प्राण्यांच्या डॉक्टरांनी केला. आपली हाडं हलकी आणि मागचे पाय दणकट. अधांतरी धडपड केली तर स्वतःच्याच जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. दोरीला हिसका बसला तरी तीच गत. चाक तर उंदरांच्या बिरादरीचं, आणि आपण उंदीर नाहीच. आपल्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक चिमुकली जोडी लपलेली असते, ती उंदराला नसते. हा पुरावा तपासायला मी बोट घातलं नाही, डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानला.

आता मूळ आरोपांकडे वळतो.

आरोप पहिला, कुरतडणे. यावर आपला बचाव असा दिसतो की दात जन्मभर वाढतच राहतात, वर्षाला सुमारे १० ते १२ सेंटिमीटर, आणि ते झिजवायचे तर दिवसभर काहीतरी चावत राहणं भाग आहे. बचाव मान्य. सुकं गवत पोटभर असेल तर हे काम बिनबोभाट होतं, पण आम्ही मात्र आपल्यापुढे गाजरं मांडत होतो. व्यंगचित्रातला ससा गाजर खातो म्हणून. आपल्या पोटाच्या हिशेबात गाजर म्हणजे पेढा. सणासुदीला एखादा तुकडा, रोजचं जेवण नव्हे. वायरी आता प्लास्टिकच्या नळीत गेल्या आहेत, हा आरोप निकाली.

आरोप दुसरा, उकरणे. सोफ्याचा कोपरा, गादी, माझी झोपलेली पोटरी. इथल्या माळावरचा ससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. तो वन्यजीव, १९७२ च्या कायद्याने संरक्षित, त्याला घरी आणणं गुन्हा. आपण दुसऱ्याच घराण्यातले. आपले पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बोगद्यांची अख्खी वाडी करून राहणारे. ज्याच्या रक्तात खोदकाम आहे त्याला तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर आणून ठेवलं, आणि वर विचारलं की खेळत का नाही?

खरी गोम इथे होती. आपल्याला करमणूक नको होती, रोजगार हवा होता. तो मिळाला माळ्यावर आणि रद्दीत.

मिक्सरचा खोका काढला, टाचण्या आणि चिकटपट्टी सोलून टाकली, समोरासमोर दोन दारं कापली. आधी एकच कापलं होतं. आपण आत डोकावून परत फिरलात. मागचा दरवाजा नसलेल्या घरात जीव मुठीत धरणारी जात असली घरं घेत नाही. हापूसचा पुठ्ठ्याचा खोका फाडलेल्या वर्तमानपत्रांनी भरला. त्यात आपण अग्रलेखांसकट उत्खनन करता. टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी गवताने ठासून मधोमध कोथिंबिरीची काडी खोवली, तर अर्धा तास मान वर नाही. पॉलिश न केलेली वेताची जुनी परडी आपण काठापासून संपवत आणली आहे. मुलगी कागदी कपांची उतरंड रचते आणि आपण ती पाडता. खर्च : शून्य. दुकानातलं चाक आता कांदे ठेवायला आहे.

वेळेबाबतही आमचीच चूक. रविवारी दुपारी दोनला, भर मे महिन्यात, आम्ही आपल्याला खेळायला ओढत होतो. आपल्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यत्वे कानांवाटे जाते, आणि तिशीच्या वर पारा गेला की जीवावर बेतू शकतं. त्या वेळी आपली मागणी एकच : गार फरशी आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. आपलं कार्यालय उघडतं पहाटे आणि दिवेलागणीला.

अशाच एका संध्याकाळी आपण हॉलच्या मधोमध एकदम उसळलात, हवेतच अंगाला पीळ दिलात, पाय एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. आम्हाला वाटलं आकडी आली. घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. म्हणाले, ‘‘ससा खूश झाला की अशीच उडी मारतो.’’ दोन महिने आपण एकदाही तशी उडी मारली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं. फोन ठेवल्यावर घरात जरा वेळ कुणी बोललं नाही.

उरला आरोप तिसरा : घरातल्या प्रत्येक वस्तूला हनुवटी घासणे. खाज सुटली असेल म्हणून मी पावडर आणली होती. पण आपल्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात आणि आपण जिथे घासता तिथे ‘हे माझं’ अशी नोंद होते. आमच्या ऑफिसात याला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. आपलं रजिस्टर माझ्यापेक्षा नीट ठेवलेलं आहे.

गेल्या मंगळवारी रात्री लोकलमधून उभ्याने येऊन मी बूटही न काढता फरशीवर आडवा झालो. आपण खोक्यातून आलात, माझ्याभोवती एक फेरी मारलीत, आणि कोपराला हनुवटी घासून निघून गेलात. सोफा १, खोका १, परडी १, इसम १.

सबब, ही नोटीस मागे घेण्यात येत आहे.

आपला,
वरील यादीतील शेवटचा नग

प्रत माहितीस्तव : खालच्या मजल्यावरचे काका (पहाटे पाचला वाजणारे ढोल हे आमच्या मागच्या पायांचे आहेत, कृपया नोंद घ्यावी).