शंभरावा हिस्सा

पारनेर तालुक्यात दुधाचा धंदा वाढला, जर्सी आणि एचएफ गाई आल्या, त्यांच्यामागे गोचीड ताप आला आणि या सगळ्यांच्या संगतीत माणसांचा एक नवा वाण तयार झाला. त्याला मी गोठ्यातले आबा म्हणतो. हे आबा गावोगाव असतात. सुप्याला आहेत, भाळवणीला आहेत. एखाद्या गावात दोन असले तर ते एकमेकांशी बोलत नाहीत आणि दूध वेगवेगळ्या डेअरीला घालतात. आमच्या शेजारचे आबा अस्सल पारनेरचे. सदरा, धोतर, खिशात डेअरीची चिठ्ठी आणि कमरेच्या करदोट्याला एक कडी. त्या कडीत कपाटाची किल्ली, कानकोरणं आणि बाभळीचा काटा काढायचा टोकदार चिमटा.

आबांच्या ज्ञानाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. १०६ ताप चढलेली गाय त्यांनी वेळेवर डॉक्टर बोलावून उठवलीय. गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजली की थर्मामीटर लावायच्या आधी ते 'थायलेरिया', म्हणजे गोचीड ताप, म्हणून मोकळे होतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. गोठ्याच्या भिंतीच्या फटीत गोचिडाची मादी हजारांनी अंडी घालते, म्हणून ते दरसाल फटी बुजवतात, चुना मारतात. इथपर्यंत माणूस देवमाणूस.

अडचण गोठ्याबाहेर सुरू होते. आबांच्या लेखी सृष्टीतला प्रत्येक प्राणी म्हणजे कमीजास्त आकाराची गाय. नातवाला ताप आला तेव्हाही त्यांनी आधी त्याचा खांदा चाचपला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर पोराचं वजन विचारून मनातल्या मनात गाईचा डोस काढला आणि "बराबर हाय" म्हणून डॉक्टरांना पास केलं. जुन्या चौथीत शिकलेलं त्रैराशिक त्यांनी असं जन्मभर जिवंत ठेवलंय.

या त्रैराशिकाच्या तावडीत मनी सापडली.

मनी म्हणजे आबांच्या घरचं मांजर. पूर्वी आपल्याकडे मांजराला हुद्दा नव्हता. उंदीर धरायचे, ताकाचा हात दिसला की घोटाळायचं, एवढीच नोकरी. पण पुण्याला शिकणारी नात मनीला व्हिडिओ कॉलवर बघते, त्यामुळे मनीच्या तब्येतीला एकदम वजन आलं. मनी झोपते गव्हाणीत. तिथं गोचिडाला उडी मारावी लागत नाही. तशीही त्याला ती मारता येत नाही. तो नुसता पुढचे पाय पसरून दबा धरतो, श्वासाचा आणि अंगाचा वास त्याला त्याच पायांतून कळतो, आणि अंग घासून गेलं की चढतो. अंगावरचे बरेचसे मांजर चाटून काढतं. जीभ पोचत नाही तिथले राहतात. मनीच्या कानामागे असाच एक राहिला आणि रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढा टम्म झाला. नातीनं तो पुण्यातून फोनवर पाहिला आणि घरात आणीबाणी लागू झाली.

"त्यात काय!" आबा म्हणाले. "गाय चारशे किलोची, मांजर चार किलोचं. गाईच्या औषधाचा शंभरावा हिस्सा. झालं!" आणि ते गोचिडाच्या औषधाची बाटली आणायला उठले.

"आवो, तिच्या अंगावर कायबी वतू नका," आजी म्हणाल्या. "गाय काय सगळं अंग चाटत बसती का? ही चाटंल. मंग ते पोटातच जायचं."

शास्त्राचं निम्मं पुस्तक या वाक्यात आलं, पण ते घरातल्या माणसानं म्हटल्यामुळे बाद झालं. एक मात्र मान्य करायला हवं. बाटली मागे राहिली आणि आबा गावठी उपायांकडे वळले. रेशनवरचं रॉकेल बंद होऊन किती काळ लोटला, तरी आबांकडे एक बाटली जपून ठेवलेली आहेच. ती निघाली. मग उदबत्तीचा चटका सुचला. मग चंचीतून गाय छाप निघाली, तिचं पाणी करून लावायचं ठरलं. संगमनेरच्या तंबाखूवरही गायच असल्यामुळे आबांचा या उपायावर विशेष विश्वास असावा. दरम्यान मनी कपाटावर जाऊन बसली होती.

"म्या सेनापती बापटांच्या गावचा हाये," आबा कपाटाकडे बघून म्हणाले. बापट १८८० साली पारनेरात जन्मले आणि पुढे पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची कृती मिळवून आले, हे खरंच आहे. पारनेरकर कुठल्याही अडचणीत हा दाखला काढतो. गोचिडासाठी निघाल्याचं मात्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात गाईचं रेतन करायला डॉक्टर आले. हातातली किट खाली ठेवायच्या आत त्यांना तिन्ही उपाय आणि त्रैराशिक ऐकवण्यात आलं. डॉक्टर शांत माणूस. ते म्हणाले, "आबा, मांजर म्हंजे लहान गाय न्हाय. गाईला चालतं ते डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ हिला झेपत न्हाय. कुत्र्याच्या औषधातलं परमेथ्रिन तर हिला झटके आणतं. ही विषं फोडून बाहेर टाकायची ताकद हिच्या लिव्हरात तोकडी असती. माप कमी करून भागत न्हाय."

आबांना विषाचं वाईट वाटलं नाही. त्रैराशिक लागू पडत नाही असा प्राणी देवानं केला, हे त्यांना लागलं. "आन् रॉकेल?"

"त्यानं हिची कातडी भाजंल, आन् चाटलं तर फुप्फुसात जाईल. चटका दिला, चोळलं, की गोचीड बावचळून पोटातलं जखमेतच ओकतो. रोगाचे जंतू असले तर तेबी आत. बारीक टोकाचा चिमटा हाय का?"

मग चिमट्याची शोधाशोध. स्वयंपाकघरातली सांडशी आली, ती परत गेली. सुनेचा भुवयांचा चिमटा सापडेना. आबा स्वतः माळ्यावर चढले, आणि चढताना त्यांच्या कमरेची कडी किणकिणली. आजींनी खालूनच सांगितलं, "उतरा खाली. कमरंला हाय."

आजींनी मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, फक्त डोकं बाहेर. डॉक्टरांनी कानामागचे केस बाजूला केले. चिमटा गोचिडाच्या फुगीर पोटाला न लावता अगदी कातडीलगत, तोंडापाशी धरला. पिरगळलं नाही, हिसका दिला नाही. सरळ वर, एकाच जोरात, सावकाश. कातडी थोडी वर उचलली गेली, क्षणभर ताणून राहिली, आणि गोचीड सुटला. चिमट्यात पाय हलवत होता. आबा सवयीनं तो नखावर चिरडायला सरसावले, तर डॉक्टरांनी तो स्पिरिटच्या बाटलीत टाकला. त्याच्या रक्तातही जंतू असू शकतात. जखमेसाठी आबांनी पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक पुढं केलं, तेही मांजराला विषारी निघालं. शेवटी डॉक्टरांच्या किटमधलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून बोळ्यानं लावलं, सगळ्यांनी साबणानं हात धुतले. तोंडाचा तुकडा आत राहिला असता तरी उकरायचं नाही, कातडी आपोआप बाहेर टाकते, आणि पुढचे काही दिवस ताप, सुस्ती, खाणं सुटलं का तेवढं बघायचं, असं डॉक्टर सांगत होते.

आबांचं लक्ष बाटलीत होतं. "आठ पाय हायेत की ह्याला."

"कोळ्याच्या भाऊबंदातला हाये."

"तरीच चावतोय," आबा म्हणाले. भाऊबंदकीचा त्यांचा खटला अजून कोर्टात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली दूध संकलन केंद्रावर हजर होती. किटल्या रांगेत, माणसं आबांभोवती. "पिरगळायचं न्हाय. रॉकेल तर अजिबात न्हाय. अडाणी माणसं लावत्यात रॉकेल." करदोट्याचा चिमटा वर करून ते कातडीलगतची पकड दाखवत होते. डॉक्टरांचा उल्लेख "मदतीला होते" एवढ्यावर आटोपला.

मागून कुणीतरी विचारलं, "आबा, माझ्या संगमनेरी शेळीला लय झालेत. तिला काय करू?"

आबांनी चिमटा खाली घेतला, डोळे किलकिले केले.

"शेळी किती किलोची?"

"असंल तीस-बत्तीस."

"म्हंजे आठ मांजरं झाली," आबा म्हणाले.